दोर आणि डगला

'फुटीर' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९३२ च्या सप्टेंबरात आपल्याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत म्हणून उपोषण झालं. २४ सप्टेंबरला करार झाला. त्या दिवसांत बाबासाहेबांना काय काय म्हणून झालं? फुटीर, देश तोडणारा, इंग्रजांचा हस्तक. गुन्हा एवढाच की आमचा माणूस आम्ही निवडू म्हणाले. ज्यांना शेकडो वर्षं गावकुसाबाहेर वेगळं ठेवलं त्यांनी स्वतःच्या तोंडानं 'वेगळं' म्हटलं की देश फुटतो. वरच्यानं वेगळं ठेवलं तर तो धर्म, आणि खालच्यानं वेगळं मागितलं तर ती फूट.

म्हणून सरहद्दीवरच्या डोंगरांत कुणी बंड केलं, वेगळं राज्य मागितलं, बंदूक उचलली अशी बातमी आली की आपण लगेच मान डोलवू नये. बातमीत नेहमी दोनच गोष्टी असतात. एक, तिथले लोक मुळातच रानटी. दोन, त्यांना परक्यांची फूस. तिसरी गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे बंडाच्या आधी त्यांच्याकडून काय काढून घेतलं. मी त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे. त्यासाठी नागालँडला जायची गरज नाही. आपल्या मराठी मुलखालाही असा एक डोंगरी कोपरा आहे. खानदेशचा.

उत्तरेला सातपुडा आणि त्याच्यापलीकडे नर्मदा. पश्चिमेला डांगचं जंगल. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. मधे तापीची काळी जमीन. हे डोंगर भिल्लांचे. डोंगरातून खाली उतरणारे घाट भिल्लांच्या नाईकांच्या हातात. बैलांचे तांडे, व्यापारी, वाटसरू घाटातून जायचे, त्यांची राखण भिल्ल करायचा आणि राखणीचं ठरलेलं देणं घ्यायचा. खालच्या गावांत भिल्ल जागल्या होता. चोर आला तर माग काढायचा, माग निघाला नाही तर भरपाई त्याच्या माथी. त्याबद्दल गावावर त्याचा हक्क असायचा, धान्याचा, कुठं जमिनीचा. आपल्या महारकीसारखंच हे. राबायचं सगळ्यांसाठी, राहायचं कडेला. पण एक फरक होता. भिल्लाच्या पाठीशी डोंगर होता. हक्क बुडवला तर तो डोंगरात जाऊन तिथून वसूल करू शकायचा. महाराला असा डोंगर नव्हता.

१८०२ ते १८०४ ह्या सालांत होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि त्यावर दुष्काळ पडला. गावं ओस पडली. गावच नाही तर जागल्याचा हक्क कोण देणार? भिल्ल टोळ्या करून लुटायला लागले. पुण्याच्या पेशव्यांच्या सरकारनं काय केलं? सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं कोपरगावला भिल्लांना कौल देऊन बोलावलं, धरलं आणि विहिरींत टाकलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आकडा सात हजारांचा आहे. आकडा फुगवलेला असेल असं धरलं तरी विहिरी खोट्या होत नाहीत. पुण्याच्या इतिहासात शनिवारवाड्याचे कारंजे किती आणि नाचगाणं किती याची पानंच्या पानं आहेत. कोपरगावच्या विहिरींवर किती ओळी आहेत, तुम्हीच शोधून बघा.

दरसाल १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो. १८१८ च्या त्या लढाईत पेशव्याच्या फौजेसमोर कंपनीच्या पलटणीत महार शिपाई उभे राहिले. त्या अभिमानाला मी हात लावत नाही. ज्या पेशवाईनं आपल्या सावलीचासुद्धा विटाळ मानला ती बुडाली, हे चांगलंच झालं. पण त्याच १८१८ साली तीच कंपनी खानदेशात शिरली. भिल्लानं पेशवाई बुडाल्याचा काय अर्थ लावायचा? विहिरीत ढकलणारा गेला आणि दोर घेऊन दुसरा आला. एकाच सालाचे हे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. आपल्याला दोन्ही पेलता आले पाहिजेत.

कंपनीचा पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्यानं आधी घाटांच्या तोंडाशी शिपाई बसवले. डोंगरात धान्य जाऊ दिलं नाही. उपाशी ठेवलं. जे हाती लागले त्यातल्या काही नाईकांना फाशी दिलं. मग सांगितलं, खाली या, शरण या, तुमचे जुने हक्क बघू, सालाना तनखा देऊ. काही आले. पण हक्क देताना घाट काढून घेतला. ठरलेली रक्कम सरकार देणार, राखण सरकारची, रस्ता सरकारचा. पैसे मिळाले, मालकी गेली. म्हणून पुन्हा बंड. पुन्हा फौज. आणि इंग्रज साहेब वर लिहून कळवतात की ह्या भिल्लांना पेशव्याच्या त्रिंबकजी डेंगळ्याची फूस आहे! म्हणजे फुशीची गोष्ट तेव्हापासूनची. त्रिंबकजीनं चिथावलंही असेल. पण ज्याचं पोट भरलेलं आहे, हक्क शाबूत आहे, तो कुणाच्या चिथावणीनं फासावर जातो का?

सात वर्षं दोर वापरून झाला. भिल्ल मोडेना. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याला फार जवळचं नाव. त्याच्या कारकिर्दीत १८२५ साली नवी युक्ती निघाली. भिल्लांसाठी वेगळ्या एजन्सी काढल्या. एक कन्नडला. तिथं भिल्लांना जमीन, बियाणं, बैलांसाठी तगाई देऊन शेतीला बसवायचं. मागचे गुन्हे माफ. दुसऱ्या बाजूला भिल्लांचीच पलटण उभारायची. 'खानदेश भिल्ल कोअर'. ती उभारली लेफ्टनंट जेम्स औट्रम यानं. मुक्काम धरणगाव. चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट चढावा लागतो त्याला अजून औट्रम घाट म्हणतात. राखण केली भिल्लानं आणि घाटाला नाव औट्रमचं.

हा औट्रम हुशार माणूस. भिल्लांच्यात एकटा जाऊन राहायचा, त्यांच्याबरोबर खायचा, वाघ मारायचा. शूर माणसाला शूर माणूस आवडतो. भिल्ल पोरं त्याच्या मागं आली. त्यानं डगला दिला, बंदूक दिली, दर महिन्याला पगार दिला. जी पोरं काल डोंगरात होती ती आज डोंगर चढायला लागली, आपल्याच भावबंदांना धरायला. पायवाटा त्यांना ठाऊक. पाणी कुठं आहे ठाऊक. कुठल्या नाईकाचं सोयरं कुठल्या पाड्यावर तेही ठाऊक. सात वर्षांत गोऱ्या साहेबाला जे जमलं नाही ते डगल्यानं जमवलं.

गिरणीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मालक स्वतः खात्यात येऊन शिव्या देत नाही. तो आपल्यातलाच एक उचलतो, त्याला जॉबर करतो. संप झाला की गेटच्या बाहेर उपाशी बसलेल्या बदलीवाल्याला आत घेतो. बदलीवाला वाईट नसतो. त्याच्या घरी पण चूल असते. डगला घालणाऱ्या भिल्लाचं तेच. त्याला गद्दार म्हणणं फार सोपं आहे. ज्याला दोर आणि डगला ह्या दोनच वस्तू समोर ठेवल्या, त्यानं डगला उचलला. तिसरी वस्तू ठेवलीच नव्हती.

१८३० मध्ये ही पलटण घेऊन औट्रम डांगात शिरला. भिल्ल राजांना नमवलं. १८४२ मध्ये कंपनीनं डांगचं जंगल राजांकडून पट्ट्यानं घेतलं. कशासाठी? सागवानासाठी. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान लागायचा. राजाला वर्षाला थोडे रुपये, साहेबाला अख्खं रान. आजही होळीच्या सुमाराला आहव्याला डांग दरबार भरतो. त्या राजांच्या वंशजांना मिरवत आणतात, फेटा-शेला देतात आणि सालियाना हातावर ठेवतात. रान कुठं गेलं ते दरबारात कुणी विचारत नाही.

आता १८५७ कडे या. त्या सालाच्या पुस्तकात झाशी असते, कानपूर असतं. दोन भिल्ल माणसांची नावं सांगतो. खाज्या नाईक आणि भागोजी नाईक. दोघांच्यात एक गोष्ट सारखी होती. दोघांनीही आधी सरकारी डगला घातलेला होता.

खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करायचा. सरकारी पगारावर. त्याच्या हातून एक कैदी मेला म्हणून त्याला तुरुंगात घातलं. १८५७ मध्ये गरज पडली तशी सोडून पुन्हा कामावर घेतलं. खाज्यानं ह्या खेपेला डगला फेकला. भीमा नाईक त्याला मिळाला. त्या नोव्हेंबरात त्यांनी घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. भिल्ल दगडांच्या आडून लढले. पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायकापोरं कैद करून नेली. पुढं १८६० मध्ये खाज्याला दगा करून मारलं. भीमा नाईकाला अंदमानात पाठवलं.

भागोजी नाईक नगरच्या पोलिसात अधिकारी होता. त्यालाही शिक्षा झाली. सुटून आल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. म्हणजे शिक्षा भोगली तरी संशय सुटत नाही. जन्मानंच गुन्हेगार. भागोजी डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ ला सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याच्या डोंगरात त्याच्या माणसांनी पोलीस सुपरिटेंडेंट हेन्रीला मारलं. दोन वर्षं तो हाती लागला नाही. मग सरकारनं काय केलं? कोळ्यांची पलटण उभी केली. हे महादेव कोळी म्हणजे राघोजी भांगऱ्याचे भाऊबंद. राघोजीनं इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं, त्याला १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिलं होतं. दहा वर्षांच्या आत राघोजीच्या जमातीच्या पोरांच्या अंगावर डगला चढवून त्यांना भिल्लांवर सोडलं. १८५९ मध्ये सिन्नरकडंच भागोजी मारला गेला. १८६१ मध्ये कोळ्यांची पलटणही मोडली. काम झालं, डगला परत.

खानदेश भिल्ल कोअर तरी किती टिकली? १८९१ मध्ये ती बंद करून पोलिसात मिसळून टाकली. आणि आपलं बघा. कोरेगावला लढलेल्या महारांची लष्करभरती त्याच सुमाराला, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, बंद झाली. म्हणे आता लढाऊ जातीच घ्यायच्या. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावे लागले. ज्यांचा डगला घालून आपण आपल्यासारख्याच लोकांवर गोळ्या झाडतो ते सरकार गरज सरली की डगला काढून घेतं. हे भिल्लाला आणि महाराला जवळजवळ एकाच वेळी कळलं. पण दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. सांगायला दोघं एका ठिकाणी कधी बसलेच नव्हते.

ह्या मधल्या काळात जंगलच गेलं. १८७८ चा जंगल कायदा आला. लाकूड तोडलं तर चोरी, गुरं चारली तर गुन्हा, राब जाळला तर दंड. त्याच साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा, सरकारी ठेक्याची पिणं कायदेशीर. खाली सपाटीवर सावकार बसला होताच. शहादा-तळोद्याकडच्या जमिनी भिल्लांच्या हातून जात राहिल्या. जो मालक होता तो सालदार झाला. निमाडात तंट्या भिल्ल सावकाराला लुटून गरिबाला वाटायचा. त्याला ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं.

आता मुद्द्याचं. इथपर्यंत कुठल्याही भिल्लानं नवा देश मागितला नव्हता. खाज्यानं नाही, भागोजीनं नाही. जुना हक्क द्या, घाट द्या, रान द्या, एवढंच. वेगळ्या राज्याची गोष्ट त्यानंतर आली. राजस्थान-गुजरातच्या हद्दीवर मानगडच्या डोंगरावर गोविंद गुरूंनी भिल्लांना जमवलं. हे गोविंद गुरू स्वतः बंजारा. दारू सोडा, वेठबिगार करू नका, संस्थानिकांचा जुलूम सोसू नका असं सांगायचे. तिथं भिल्लांच्या स्वतःच्या राज्याची भाषा सुरू झाली. १७ नोव्हेंबर १९१३ ला फौजेनं डोंगराला वेढा घातला आणि गोळीबार केला. आदिवासी म्हणतात दीड हजार माणूस मेला. आणि त्या फौजेत कोण होतं? मेवाड भिल्ल कोअर पण होती. तोच डगला.

हक्क मागून मिळाले नाहीत, अर्ज फेटाळले, नाईक फासावर गेले, शंभर वर्षं गेली. मग माणूस म्हणतो, तुमच्या राज्यात हे मिळणार नाही, तर आमचं राज्य द्या. राज्याची मागणी ही भांडणाची सुरुवात नसते. बाकी सगळ्या मागण्या मेल्यावर ती जन्माला येते.

स्वातंत्र्य आलं. भाषावार राज्यं झाली. १९५५ मध्ये बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी धोका सांगितला की एका भाषेच्या राज्यात एक मोठी जात डोक्यावर बसेल आणि लहान जाती तिच्या पायाखाली जातील. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले. मराठी माणसाला त्याचं राज्य मिळालं, गुजराथ्याला त्याचं. भिल्लाला काय मिळालं? चार तुकडे. डांग गुजरातला, सातपुड्याचा दक्षिण उतार महाराष्ट्राला, निमाड मध्य प्रदेशला, वागड राजस्थानला. भिल्लीला कुणी राज्याची भाषा मानलं नाही. नर्मदेच्या अलीकडची आणि पलीकडची सोयरी माणसं वेगवेगळ्या राज्यांत पडली. जो मराठी आहे म्हणून भांडला तो शूर. जो गुजराथी आहे म्हणून भांडला तोही शूर. भिल्ल आहे म्हणून मागितलं की फुटीर!

१९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या. ह्या वेळी इंग्रज नव्हते. जमीनदारांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली स्वतःची माणसं पोसली होती. अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल तरुणानं लोक उभे केले. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमिमुक्ती मेळावा झाला, त्याच साली श्रमिक संघटना निघाली. पुण्या-मुंबईची काही पोरं तिकडं जाऊन राहिली. त्यांनी गेलेल्या जमिनी परत मिळवल्या, सालदाराची मजुरी वाढवून घेतली. अंबरसिंग १९७४ मध्ये वारला, फार लहान वयात. त्यानंतर नर्मदेवर सरदार सरोवर आलं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं बुडितात गेली. मणिबेलीला १९९३ मध्ये पाणी घुसलं. कोपरगावच्या विहिरी लहान होत्या, ही मोठी.

जुलै २०२४ मध्ये त्याच मानगडावर मोठी सभा झाली आणि चार राज्यांतले जिल्हे मिळून भिल प्रदेश द्या अशी मागणी झाली. राज्यघटनेच्या चौकटीत, हात जोडून, मतपेटीतून. तरी लगेच ओरड झाली, जातीवर राज्य मागतात, देश तोडतात.

ईशान्येकडं बघितलं तर मिझोरामची गोष्ट आपल्या ओळखीची वाटते. १९५९ च्या सुमाराला तिथं बांबू फुलला, उंदीर माजले, पीक खाल्लं, दुष्काळ पडला. सरकारनं लक्ष दिलं नाही. लोकांनी आपला दुष्काळ निवारण फ्रंट काढला. १९६१ मध्ये त्याचाच मिझो नॅशनल फ्रंट झाला आणि १९६६ मध्ये बंड. ५ मार्च १९६६ ला ऐजॉलवर आपल्याच देशाच्या विमानांनी हल्ला केला. मग खेडी उठवून रस्त्याच्या कडेला वसवली. वीस वर्षं माणसं मेली. शेवटी ३० जून १९८६ ला करार झाला आणि १९८७ मध्ये मिझोराम राज्य झालं. देश तुटला का? नाही तुटला. जे वीस वर्षांनंतर दिलं ते आधी बोलून देता आलं असतं. दुष्काळात धान्य वेळेवर पोचवलं असतं तर कदाचित काहीच द्यावं लागलं नसतं.

मी बंदुकीची आरती ओवाळत नाही. घाटात लुटलेला प्रत्येक जण सावकार नव्हता, गरीब बैलवालाही होता. मानगडापासून मिझोरामपर्यंत मेली ती जास्त करून गरीब माणसंच. बाबासाहेबांनी आपल्याला घटनेचा रस्ता दाखवला आणि तो खरा आहे. पण जिथं दोर आणि डगला एवढंच राज्य पोचतं, तिथं घटना पोचवायची कुणी? २००६ चा वनहक्क कायदा कागदावर आहे. दावे दाखल होतात, कागद अपुरे म्हणून फेटाळले जातात. शिकलेल्या पोराची गरज तिथं आहे.

आणि एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलायची. १९२८ मध्ये मुंबई सरकारनं जी स्टार्ट समिती नेमली तिच्यात बाबासाहेब होते. अस्पृश्य आणि आदिवासी दोघांचे हाल त्या समितीनं एकत्र बघितले, १९३० मध्ये अहवाल दिला. पण १९४५ च्या मुंबईच्या भाषणात बाबासाहेबांनी कायदेमंडळातल्या जागांची जी वाटणी मांडली तिच्यात आदिवासींना वाटा नव्हता. त्यांची राजकीय जाणीव अजून तयार नाही, त्यांच्या मुलखासाठी वेगळा आयोग असावा असं त्यांचं तेव्हाचं मत. ते का, कुठल्या परिस्थितीत, याची चर्चा आपण केली पाहिजे. बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवून प्रश्न विचारायचं बंद करणं हे बाबासाहेबांनीच शिकवलेलं नाही. आज भिल्लाची राजकीय जाणीव मानगडावर उभी आहे. तिला फुटीर म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहायचं का?

कोरेगावला जाल तेव्हा स्तंभासमोर महार शिपायाला सलाम करा. आणि बरोबरच्या पोरांना हेही सांगा की त्याच साली त्याच कंपनीनं भिल्लाच्या घाटाच्या तोंडाशी पहारा बसवला. पुण्यात पेशवे दप्तर आहे, मोडी शिकलेले आपले दोन-चार पोरं तयार झाली पाहिजेत, कोपरगावच्या विहिरींचे कागद आपणच काढले पाहिजेत. उन्हाळ्यात ज्यांना रजा काढता येईल त्यांनी धडगावकडं जावं. भाषण करायला नको. वनहक्काच्या दाव्यांचे अर्ज भरायला जावं.

जय भीम. जय जोहार.